पट्टा, थेट मोटर आणि साळवेंचं चाक

एप्रिल १९८३. कडक ऊन, वारा पूर्ण पडलेला.

एका मंडळात दहा वर्षं उठबस केली की किस्से घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे साठतात. टाकवत नाहीत, आणि कुणी आलं की तेच पुढे येतात. आमच्या रविवारच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्या मंडळाचे तर विचारूच नका. लोक ऐकून हसतात. मला मात्र अजून राग येतो!

मंडळात पार्ट्या दोन. डॉक्टर प्रधानांचं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, जपानी; मोटर थेट रेकॉर्डच्या थाळीखाली. वकील गोखल्यांचं विलायती, मोटर बाजूला आणि थाळी फिरते रबरी पट्ट्यावर.

"पट्टा? शिवणयंत्र आहे ते!" डॉक्टर म्हणायचे.

"आणि तुमचं काय? मिक्सर!" वकील म्हणायचे.

तिसरे साळवे, नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातले. त्यांचं जुनं मशीन, मोटर आणि थाळीच्या मध्ये रबरी चाक असलेलं. त्यांच्याकडे एक लाखेची रेकॉर्ड होती. त्यांचे वडील जलशात गायचे. ते गेल्यावर त्यांचा आवाज उरला तो त्या रेकॉर्डवर तेवढाच. आईचा एक कान गेलेला, दुसरा उतरत चाललेला. "ऐकू येतंय तोवर लाव रे," म्हणून ती रोज मागे लागायची.

*

वकिलांचं घर नाशकात, द्वारका चौकाजवळ. एका रविवारी सतार ऐकताना खालून घरघर येऊ लागली.

डॉक्टर उठून उभेच राहिले. "ऐका! पट्ट्याची मोटर!"

वकिलांनी चिडून मशीन बंद केलं. घरघर चालूच. खिडकीखाली एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बघा, दोष किती खोल आहे. बंद केलं तरी जात नाही!"

*

मग परीक्षा ठरली. दोन्ही मशीनं चादरीआड, बदलायचं काम माझं. पहिल्या फेरीत पट्ट्याचं मशीन लावलं. दुसऱ्या फेरीत थेट मोटरवाल्याची वायर सैल झाली म्हणून पुन्हा पट्ट्याचंच लावलं.

"पहिल्यात बासरी ओली, दुसऱ्यात कोरडी," वकील म्हणाले. डॉक्टरांचं नेमकं उलट!

मी खरं सांगितलं, तर दोघं मिळून माझ्यावरच धावले. "तुम्ही शिस्त मोडलीत!"

साळवे त्या दिवशी वडिलांची रेकॉर्ड पंच्यात गुंडाळून आले होते. चांगल्या मशीनवर आईला कदाचित जास्त स्वच्छ ऐकू येईल, एवढीच त्यांची आशा. डॉक्टर म्हणाले, "असलं गाणं या मशीनवर? सुई दुखेल हो माझी! बघू पुढच्या रविवारी."

साळवे हसले. मी हसलो नाही.

*

पुढच्या रविवारी दोघे साळवेंच्या घरीच गेले. मदत करायला! चाकाला उंचवटा आलाय, म्हणून आवाज थरथरतो, असं निदान झालं. डॉक्टरांनी सॅंडपेपर मागवला. वकिलांनी चाक धरलं, डॉक्टरांनी घासलं. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

चाक गुळगुळीत झालं. आणि इतकं लहान झालं की थाळीला टेकेचना!

"नवीन चाक मागवा," डॉक्टर हात पुसत म्हणाले.

ते चाक नाशकात मिळालं नाही, मुंबईतही नाही. महिना गेला. आईने रेकॉर्ड लाव म्हणणं सोडून दिलं.

मी वकिलांच्या दारात जाऊन ओरडलो. आयुष्यात एवढा कधी ओरडलो नसेन. "माणसाचं मशीन मोडलंत, आता तुमचं तरी उघडा!" वकील पांढरे पडले. म्हणाले, "आणा आजींना."

*

साळवेंच्या आई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजी, आल्या, खुर्चीत बसल्या. डॉक्टरही आले होते. आम्ही चांगला कान स्पीकरकडे केला. साळवेंनी रेकॉर्ड ठेवली. वकिलांनी बटण दाबलं आणि स्पीकरमधून रेडा रेकल्यासारखा आवाज आला.

लाखेची रेकॉर्ड मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगाने फिरते. वकिलांच्या मशीनला वेग दोनच, तेहतीस आणि पंचेचाळीस. डॉक्टरांच्याही. वर्षानुवर्षं वेगाच्या अचूकतेवर भांडलेल्या दोघांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं!

"हे कोण रडतंय रे?" आजींनी विचारलं.

वकिलांनी पंचेचाळीस लावलं. डॉक्टर लगेच म्हणाले, "माझं मशीन पंचेचाळीसला जास्त स्थिर आहे."

 साळवेंनी सुई उचलली, मोटर बंद केली, थाळी काढली, पट्टा ओढून काढला आणि डॉक्टरांच्या अंगावर फेकला. थाळी परत बसवली, रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली आणि रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर बोट ठेवून हाताने फिरवायला सुरुवात केली. रागात बोटाची गती एकसारखी राहत नव्हती. आवाज वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"अहो, वेग बघा किती हलतोय!" वकील कळवळले.

आजी पुढे वाकल्या. हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं.

"हळू रे," त्या म्हणाल्या, "तुझा बाप एवढ्या घाईत गात नव्हता."

साळवेंनी बोट जरा हळू केलं. ती बाजू शेवटपर्यंत वाजली.