बडनेऱ्याला गेलेले लाडू

डिंकाच्या लाडवांचा वास आला की मला हमखास बडनेरा आठवतं. बायको बाळंतपणाला अकोल्याला माहेरी होती. मुलगी झाली, तेव्हा लाडवांचा डबा घेऊन आई आणि मी मूर्तिजापूरहून निघालो. गाडीत तुपाचा, खसखशीचा घमघमाट सुटला होता, दोन्ही बाजूंना कपाशी फुटून शेतं पांढरी झाली होती आणि आमचं बाळाच्या नावावरून भांडण जुंपलं होतं. आईला देवीचं नाव हवं होतं, मला काहीतरी नवं. मी तर मनातल्या मनात पोरीला शाळेतसुद्धा घातलं होतं. तेवढ्यात आईने काचेबाहेर पाहिलं. "काऊन रे, अकोल्याच्या वाटेवर बडनेरा कवापासून आलं?" अकोला एकीकडे, बडनेऱ्यावरून अमरावती बरोबर उलटीकडे, रोज ऑफिसला अमरावतीला जायचो, म्हणून हातांनी सवयीने गाडी तिकडेच घातली होती. मी कडेला थांबलो. वाटेतले ट्रक, बैलगाड्या, गावं, एकही आठवेना. आई मात्र पोट धरून हसत सुटली. "नाव मागून ठेवू, आदी पोरीपाशी पोचू!" मग अकोला येईपर्यंत आम्ही दोघांनी चकार शब्द काढला नाही. आता ती पोरगीच गाडी चालवते. परवा शेजारी बसून मी तिला हीच गोष्ट रंगवून सांगायला लागलो, तर रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "बाबा, चूप बसा, नाहीतर मले बी बडनेरा लागन!"