बाहेरचं आवरण

दुखऱ्या दाताला लवंगेचं तेल लावलं की मला नाशिकच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आठवते. स्लाइड बनवताना आम्ही तेच तेल वापरायचो. सत्त्याहत्तर सालची गोष्ट. माझ्या जर्नलमधल्या आकृत्या वर्गातल्या शैलाने उतरवल्या आणि सरांना सांगितलं, मीच तिच्या चोरल्या. सरांनी सगळ्यांसमोर माझी पानं फाडली.

तोंडी परीक्षेला आत जाण्यापूर्वी तिने मला घाईघाईने विचारलं, "मायटोकॉन्ड्रियात ती इलेक्ट्रॉनची साखळी कुठे असते गं?"

"बाहेरच्या आवरणात," मी शांतपणे सांगितलं.

ती रडवेली होऊन बाहेर आली. "आतल्या आवरणात असते. तुला माहीत होतं?"

"हो."

तेव्हा जिवाला गार वाटलं. पश्चात्ताप आजही नाही. टोचतं एवढंच, की माझ्याशी तसं वागूनही तिने माझा शब्द खरा मानला.