सात घरं आणि आखूड जबडा

मी पर्शियन मांजरांची पैदास करते आणि पुण्या-हैदराबादच्या कॅट शोमध्ये परीक्षक म्हणून जाते. बीडमध्ये हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "खरं काय करता?" सासरी तर माझ्या डोक्यावर परिणाम झालाय हे केव्हाच ठरून गेलंय.

गेल्या वर्षी साथ आली आणि माझी सगळी मांजरं गेली. उरली एक पांढरी मादी. लग्न झाल्यापासून जपलेला वंश तिच्यावर येऊन थांबला होता. उन्हाळ्यात ती व्याली, तीन पिलं झाली. ती पिलं जगली तरच वंश पुढे चालणार होता. मी त्यांना आईसकट कूलरच्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी लावली आणि चौसाळ्याला एका लग्नाला गेले.

परत आले तर दार सताड उघडं. दिंद्रुडहून राहायला आलेल्या आत्यासासूबाई ओसरीवर शेंगा सोलत होत्या.

"सकाळधरनं दारापशी लई वरडत हुती. मांजर पिलांना सात घरं दावल्याबिगर ऱ्हात न्हाई. कोंडून कावून ठिवलंस? म्या उघडलं."

खोलीत दोनच पिलं होती. आई नव्हती.

मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. बाहेर मेचं ऊन, हिच्या अंगावर हे एवढे केस, नाक इतकं चपटं की सावलीतसुद्धा धाप लागते. मी तशीच अनवाणी पळाले. दारोदार विचारत होते. "मांजर हाय ते, यील की घरी," शेजारी हसले. मला रडू फुटलं तेव्हा तेही शोधायला उठले.

पिलू शेजारच्या फाटकाशी सापडलं, तापलेल्या फरशीवर. मानेवरचे केस लाळेने चिकटले होते. ते मेलं होतं. आई थोडी पुढे, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगामागे धापा टाकत पडली होती. जागा मात्र गार होती, चांगली निवडली होती तिने.

घरी आणून तिला पाणी पाजलं, ओल्या फडक्याने पुसलं. जरा हुशारी येताच ती पिलांकडे गेली. एकाची मान धरली, ते सुटून पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. तिच्या आखूड जबड्यात पिलाची मान मावतच नव्हती. परीक्षकाच्या टेबलावर मी असल्याच तोंडाला पहिला नंबर देत आले. मला बघवेना.

"तोंडात बसंनाच की गं तिच्या," आत्यासासूबाई दारातून म्हणाल्या.

मांजरी दाराशी गेली आणि माझ्याकडे वळून ओरडली. मी ऊन कलेपर्यंत तिला कसंबसं थोपवलं. मग दोन्ही पिलं पदरात घेतली, कडी काढली आणि तिच्या मागून चालू लागले. पुढची घरं तिची तिने ठरवावीत, उचलायचं काम आता माझं होतं.