टाचगुरुजी

आमचे गुरुजी सरळ चालतच नसत. चार पावलं टाकायची, थांबायचं आणि उजवी टाच जमिनीवर जोरात दाबायची. शाळेच्या फरशीवरही तेच. रेवसकडच्या आमच्या गावाने त्यांचं नाव टाचगुरुजी ठेवलं होतं.

ही खोड खारबांधावरची. भरतीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला तो मातीचा बांध. खेकडे त्यात बिळं पाडतात आणि उधाणाचं पाणी बिळातून झिरपू लागलं की बांध फुटायला वेळ लागत नाही. गुरुजी रोज संध्याकाळी बांधावरून फिरत, दिसेल ते बीळ चिखल घालून टाचेनं बुजवत. बांधाआडच्या त्या शेतजमिनीत, म्हणजे खारात, त्यांची स्वतःची वीतभर जमीन नव्हती.

"गुरुजी, या खारान तुमचा शेत कंचा?" माझे वडील मुद्दाम विचारायचे.

"भात तर इथलाच खातो ना, धर्मा."

नागरिकशास्त्राच्या तासाला हक्कांचं पान ते भराभर उलटत. "हे तुम्हाला भाषण करायला येणारा कोणीही सांगेल." कर्तव्यांचं पान आलं की पुस्तक मिटून आम्हाला बांधावर नेत. तास बुडाला म्हणून आम्ही खूश.

पूर्वी उधाण जवळ आलं की घरटी एक माणूस बांधावर जायचा, बोलवावं लागत नसे. स्वातंत्र्यानंतर बांधाची देखभाल सरकारने अंगावर घेतली आणि माणसं येईनाशी झाली. पहिल्या निवडणुकीला सारा गाव ठेवणीतले कपडे घालून मत द्यायला गेला. ती रांग बघून गुरुजींचा चेहरा उजळला होता. पुढच्या अमावास्येच्या उधाणाआधी ते त्याच माणसांच्या दारोदार फिरले.

"आता राज आपला हाय ना, गुरुजी? मंग सरकार बघल," वडील ओटीवरूनच म्हणाले.

"राज्य आपलं, तर सरकार म्हणजे कोण रे?"

"ज्याला मत दिला त्याला इचारा."

ओटीवरचे सगळे हसले. गुरुजीही थोडं हसले, आणि एकटेच बांधाकडे गेले.

असं बरीच वर्षं चाललं. कचेरीकडे त्यांनी अर्ज केले. पाहणी होईल, असं उत्तर येई. "दमलो रे," एकदा ते मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधावर दिसले.

एका श्रावणातल्या उधाणात बांध फुटला. गुरुजी कमरेइतक्या पाण्यात पेंढा आणि चिखल दाबत उभे होते. आरडाओरडा ऐकून गाव धावला तोवर भगदाड माणसांच्या आवाक्यापलीकडे गेलं होतं. आमचं शेत सगळ्यात बाहेरचं. खारं पाणी त्यातून हललंच नाही. गुरुजी घरी आले तेव्हा वडिलांनी मान वर केली नाही. गुरुजींनी झाल्या गोष्टीबद्दल एक शब्द काढला नाही. "रान तर गेलं, धर्मा. पोराला अलिबागला धाड. मी बोलून ठेवतो." त्यांनी खरंच बोलून ठेवलं, माझी राहायची सोयही लावली. आमच्या घरात मी पहिला पदवीधर झालो तो असा.

पुढे सरकारने नवा बांध घातला, पण बराच आत. आमचं शेत बाहेर राहिलं. त्यात तिवरं माजली. वडील मिठागरावर कामाला जाऊ लागले. निवृत्त झाल्यावर गुरुजी मुंबईला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले.

ती बातमी घेऊन मी गावी गेलो. वडिलांनी ऐकून घेतलं, डोक्याला फडका गुंडाळला आणि बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. दोन दिवसांवर पौर्णिमा होती. नव्या बांधावर दुसरं कोणी नव्हतं. खाली गुरं वळवणाऱ्या शेजाऱ्याने हाक मारली, "धर्मादादा, आता या खारान तुमचा शेत कंचा?"

वडिलांनी चार पावलं टाकली, आणि थांबले.