बाई आल्या की उभं राहायचं

नागपूरच्या शाळेत मी गणित शिकवायचे आणि वर्गात माझा दरारा होता, हे आधीच सांगून टाकते. मी प्रश्न विचारला की समोरच्यानं उत्तर द्यायचं. नाही आलं तर बस खाली, पुढचा उठ. नवऱ्याच्या पीएचडीपायी पेन्सिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठाच्या गावात येऊन पडले, तेव्हा हा दरारा दाखवायला घरात दोनच माणसं उरली. नवरा तसा सोशिक. मुलगी मात्र गप्प झाली.

नागपुरात तिच्या तोंडाचा पट्टा थांबवायला मला ओरडावं लागायचं. इथं शाळेत ती वर्षभर एक वाक्य बोलली नाही. मग शाळेनं आम्हाला बोलावलं आणि अगदी गोड शब्दांत सांगितलं, की हिला मागे पडणाऱ्या मुलांच्या गटात घालायचा विचार आहे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकोणतीसचा पाढा झोपेतून उठवलं तरी म्हणणारी पोरगी, आणि मागे पडणारी? नवऱ्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला म्हणून निभावलं. पाचवीचं वर्ष बघू आणि मग ठरवू, एवढं त्यांनी कबूल केलं.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. अमेरिकेतल्या शाळा बुडाल्या, मुलांना साधी बेरीज येत नाही, जपानी पुढे निघून गेले, अशी बोंब देशभर चालली होती. पेपर उघडा, टीव्ही लावा, हेच. ज्याला त्याला शाळा सुधारायची होती. कुणी म्हणे दिवस लांबवा, कुणी म्हणे परीक्षा वाढवा. त्या लाटेत विद्यापीठाच्या शिक्षण विभागाला संशोधनासाठी पैसे मिळाले आणि मला तिथं अर्धवेळ काम मिळालं. काम काय, तर आसपासच्या शाळांत वर्गात मागे जाऊन बसायचं. शिक्षकानं प्रश्न विचारला की स्टॉपवॉच सुरू करायचं, आणि उत्तरासाठी तो किती थांबतो ते टिपायचं.

यालाही संशोधन म्हणतात का, असं म्हणून मी घरी खूप हसले होते. पण वर्गामागून वर्ग पाहत गेले आणि हसू मावळलं. कुणी थांबतच नव्हतं हो! मी बटण दाबतेय तोवर शिक्षक दुसऱ्या मुलाकडे वळलेले. सगळे माझ्यासारखेच. अमेरिकन काय आणि नागपूरकर काय.

मुलीच्या पाचवीच्या बाई वेगळ्या निघाल्या. उंच, पन्नाशीच्या, बाह्या कायम खडूनं माखलेल्या. दुपारचा शेवटचा तास त्या पुस्तक मिटून घ्यायच्या. टेबलावर बर्फाचा तुकडा नाही तर झाडाची मुळी ठेवायची, एक प्रश्न टाकायचा, आणि मग खिडकीपाशी उभं राहायचं. थांबायचं. मी एकदा कामासाठी नाही, आई म्हणून त्या तासाला बसले. प्रश्न टाकून झाला, वर्ग शांत. मला तर मागे बसून घाम फुटला. अहो, कुणाला तरी उठवा ना, असं अगदी ओठावर आलं होतं. बाई निवांत. आणि बऱ्याच वेळानं एक हात वर आला. माझ्या मुलीचा. अर्धं वाक्य बोलली, अडकली, बाई पुन्हा थांबल्या, तिनं पुरं केलं. मी रुमाल शोधत राहिले.

फेब्रुवारीत बातमी आली, की शाळा मंडळ हा शेवटचा तास बंद करणार. त्याऐवजी परीक्षेच्या सरावाचे कागद सोडवून घेणार. सुधारणा! तो तास गेला की पोरगी पुन्हा गप्प होणार आणि उन्हाळ्यानंतर थेट त्या गटात जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. मंडळाची खुली सभा होती आणि तिथं बोलायचं मला आमंत्रण आलं. मंडळातल्या एका सद्गृहस्थांना वाटलं, भारतीय आई, त्यात गणिताची शिक्षिका, ही सरावाच्याच बाजूनं बोलणार. मी विद्यापीठात पाढ्यांचं कौतुक करत फिरायचे, ते त्यांच्या कानावर गेलं असावं. मी म्हटलं, येते की. पाढे हवेतच, पण हा तासही हवा, असं खणखणीत भाषण मी तयार केलं. सोबतीला नवरा, मुलगी आणि आमच्या अपार्टमेंटमधली दोन मराठी जोडपी. त्यातली एक काकू तर टाळ्या कुठे वाजवायच्या ते विचारून आली होती.

शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही पहिल्या रांगेत. सभा सुरू झाली, कुणी अहवाल वाचू लागलं, आणि पुढच्या दारातून बाई उशिरानं आत आल्या. कोटावर बर्फ, बाहीवर खडू.

मी उभी राहिले. विचार वगैरे काही नाही, बाई आल्या म्हणून उभी राहिले. माझ्याबरोबर मुलगी उठली, नवरा उठला, दोन्ही जोडपी उठली. मागच्यांना वाटलं, सभेच्या सुरुवातीला इथं करतात ते झेंड्याला वंदन राहिलं असेल, तेही उठले. काहींनी छातीवर हातसुद्धा ठेवला. खुर्च्यांचा खडखडाट, आणि बघता बघता सगळा हॉल उभा. बाई घाबरून मागे वळून बघायला लागल्या, की आपल्यामागून कोण मोठं माणूस आलं.

अध्यक्षांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि हे काय चाललंय, असं विचारलं.

मी म्हटलं, "माफ करा. आमच्याकडे बाई आल्या की उभं राहतात."

आधी हशा झाला. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि ती पसरत गेली. बाईंचा चेहरा लाल. सगळे बसले, पण गोंधळात माझी मुलगी बसायची विसरली. अध्यक्ष भले गृहस्थ होते. त्यांनी तिलाच विचारलं, की बाळ, त्या शेवटच्या तासात तुम्ही करता काय?

मुलगी काही बोलेना. 'सांग ना गं' म्हणायला मी तोंड उघडलं, आणि समोर भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाईंनी हाताचा पंजा जरासा वर केला. थांबा. आयुष्यात मला असं कुणी गप्प केलं नव्हतं. मी थांबले. अध्यक्षही थांबले. काकूसुद्धा.

मग मुलगी इंग्रजीत, हळू पण स्वच्छ बोलली, "बाकीच्या तासांना मला उत्तर सापडतं तोवर प्रश्न निघून गेलेला असतो. या तासाला तो माझ्यासाठी थांबतो."

एवढंच. आणि ती खाली बसली.

पुढे अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी जागेवरूनच सांगितलं, की मला आता काही बोलायचं नाही. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मला तापच आलाय. मतं घेतली गेली आणि तास राहिला. त्या रात्री माझ्या अंगावर जे मूठभर मांस चढलं, ते अजून उतरलेलं नाही. माझी पोर होती ती, आणि सगळ्या गावाला तिनं ऐकायला लावलं.

आम्ही गाडीत बसून घरी निघालो. मग मागच्या सीटवरून मराठीत आवाज आला, "आई, मी नीट बोलले का गं?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र मी क्षणभरही थांबले नाही.