मंठाळात वरून कोण आलं होतं

आमच्या मंठाळात पंचायतीचा टीव्ही आला तेव्हा मी गावातल्याच मराठी शाळेत शिकवत होते. टीव्ही काळा-पांढरा, लाकडी पेटीत बसवलेला, पेटीला झडपा आणि झडपांना कुलूप. अँटेना गुलबर्ग्याकडं तोंड करून पंचायतीच्या छपरावर उभी. किल्ली चेअरमन अण्णांच्या करदोट्याला. त्यामुळं टीव्ही गावाचा असला तरी कार्यक्रम अण्णांचं जेवण उरकल्यावरच सुरू व्हायचा.

बसायची जागा कुणी ठरवून दिली नव्हती, पण प्रत्येकाला आपली माहीत होती. वरच्या आळीची माणसं कट्ट्यावर सतरंजीवर. बाकीची खाली. आम्ही बौद्ध वस्तीतले लिंबाच्या झाडापलीकडं, तिथून पडदा तळहाताएवढा दिसायचा. मला मात्र अर्थ सांगायला कट्ट्याजवळ बोलावलं जायचं. गावात मराठी, कानडी, दखनी तिन्ही भाषा पोटात होत्या, पण टीव्हीवरची हिंदी तिन्हीत बसत नव्हती, आणि मी हिंदीच्या परीक्षा पास झालेली. माझ्यासाठी पत्र्याची खुर्ची ठेवत. सतरंजीवर नव्हे, सतरंजीच्या शेजारी.

आठवड्यातून एकदा विज्ञानाच्या गोष्टींची मालिका लागायची, दर वेळी नवी गोष्ट. त्या संध्याकाळची गोष्ट अशी होती. डोंगरातलं एक छोटं गाव. रानात एकदा मोठा उजेड पडतो आणि त्यानंतर गावातली माणसं एकेक करून बदलायला लागतात. तोंड तेच, आवाज तोच, आतला माणूस मात्र दुसऱ्याच ग्रहावरचा. ओळखायचं कसं? बदललेली माणसं भांडत नाहीत, गोड बोलतात, वेळेवर घरी येतात. एका शास्त्रज्ञाला शोध लागतो की या लोकांना खारट पाणी सोसत नाही, प्यायलं की डोळे काचेसारखे होतात. तो सगळ्यांना एका खोलीत कोंडतो आणि एकाच भांड्यातून पाणी पाजतो, कारण वेगळी भांडी दिली तर अदलाबदल होईल. भांडं फिरत फिरत शास्त्रज्ञाच्या सख्ख्या भावापर्यंत येतं. भाऊ भांडं ओठाला लावतो...

आणि लाइट गेली.

सगळं गाव एका आवाजात "आऽऽ" म्हणालं. बराच वेळ कुणी उठलं नाही. शेवटी अण्णांनी चाचपडत कुलूप लावलं. लाइट आली दुसऱ्या दिवशी, आणि पुढच्या आठवड्यात टीव्हीनं दुसरीच गोष्ट सुरू केली. तो भाऊ माणूस होता की नव्हता, हे मंठाळला कधीच कळलं नाही.

शेवट न कळलेली गोष्ट गावात सोडणं म्हणजे दावं तुटलेला बैल सोडणं. सकाळी हापशावर बायका एकमेकींच्या डोळ्यांत वाकून बघत होत्या. एक सासू म्हणाली, "माजी सून कालपासून गोड बोलायली. मला तर भ्याव वाटायलंय." कुणाच्या तरी चिंताकी गावच्या पाहुण्यानं शपथेवर सांगितलं की त्यांच्या शिवारात बी असाच उजेड पडला होता. तो नव्या ट्रॅक्टरचा होता हे नंतर कळलं, पण तोवर आमच्या गावात तिघांनी तो आपल्याही रानात बघितला होता.

निजामाच्या पोलिसात नोकरी केलेले म्हातारे जमादारचाचा तेवढे निवांत होते. "चेहरा एक, आदमी दूसरा," बिडी विझवत ते म्हणाले. "आमच्या पोलिस महकम्यात सगळेच असले हुते. त्यात काय नवं?"

मी जो भेटेल त्याला सांगत होते की ही लिहिलेली गोष्ट आहे, खरी नव्हे. एक शेतकरी माझ्याकडं दयेनं बघून म्हणाला, "बाई, तुमी सरकारी नोकर. तुमाला असंच सांगावं लागतंय."

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं. ते दोरी वळत होते. हात न थांबवता म्हणाले, "माणसासारखं दिसायचं, पर माणसात धरायचं न्हाई. आपल्याला हे गावानं टीव्ही यायच्या आदीच लावलं हुतं."

दोन-चार दिवसांत संशय फिरत फिरत गिरणीवाल्यावर येऊन थांबला.

गिरणीवाला म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा, वरच्या आळीच्याच एका शेतकरी घराण्यातला. गावातला नंबर एकचा दारुडा. पिऊन पिठातच झोपायचा आणि पांढरा होऊन उठायचा. बायकांचं दळण करपवायचा आणि वर त्यांनाच शिव्या द्यायचा. त्या उन्हाळ्यात त्याचं पोट फुगलं. बायकोनं बसवकल्याणहून एसटीत घालून त्याला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं काय सांगितलं ते त्यालाच माहीत, पण परत आला तो निम्मा होऊन आणि शुद्धीवर. "अक्का, दळण गरम हाय, सावकाश उचला," असं म्हणायला लागला. दिवस मावळायच्या आत घरी. कुणाशी भांडण नाही. म्हणजे टीव्हीत सांगितलेली एकेक खूण त्याच्या अंगावर होती.

पहिली तक्रार केली त्याच्या बाटलीतल्या सोबत्यांनी. तिघं-चौघं होते. ते चेअरमन अण्णांकडं गेले. "अण्णा, त्यो आमाला बगून नुसता हसतोय. पयलं आई-माईवरून बोलायचा. आता म्हनतोय, या बसा, च्या घ्या. त्यो त्यो न्हाईच."

अण्णांनी हे फार गंभीरपणे ऐकून घेतलं. त्याला कारण होतं. शुद्धीवर आल्यापासून गिरणीवाला पंचायतीच्या बैठकीला यायला लागला होता, आणि मागच्याच बैठकीत त्यानं विचारलं होतं, "टीव्ही पंचायतीचा हाय, तर किल्ली तुमच्या कंबरेला कामून?" दारुडा असताना त्यानं असलं कधी विचारलं नव्हतं. अण्णांच्या मते हा बदल नैसर्गिक नव्हता.

रविवारी सकाळी शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बोलावलं. अण्णा खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "टीव्हीत दाखवलं तसंच झालं पायजे. खारट पानी, आन भांडं एकच. येगळ्या भांड्यात अदलाबदल हुती. मागून कुनी वाद घालायचा न्हाई." मला म्हणाले, "बाई, तुमी नीट बगितलंय. असंच हुतं का न्हाई?"

"असंच होतं," मी म्हणाले. असंच होतं.

गिरणीवाला पुढं आला. चिडलेला नव्हता, हेच लोकांना जास्त खटकत होतं. मागून त्याची बायको आली, ती मात्र चिडलेली होती. पदर खोचून सोबत्यांसमोर उभी राहिली.

"गोड बोलतोय म्हनून तपासायलाव व्हय? उभी जवानी मी त्या पयल्यासंगं काढली. भिताडावर डोकं आपटत हुता माजं, तवा कुनी तपासायला आलं न्हाई. ह्यो वरून आला असंल तर येऊ द्या. पयला तेवढा परत आनून देऊ नका."

बायका हसल्या. मग एकदम हसायच्या थांबल्या. दोघीतिघींनी आपापल्या नवऱ्यांकडं बघितलं.

गिरणीवाला म्हणाला, "मी पितो की. पर टीव्हीत सगळ्यांनी पेलं हुतं ना? मग सगळ्यांनी पिवावं. मलाच कामून?"

"व्हय की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "सगळ्यांचंच बगू."

इतका वेळ गावाला वाटत होतं की परीक्षा एकाची आहे. आता प्रत्येकजण शेजाऱ्याकडं बघायला लागला. आणि मग सगळे मी हातात धरलेल्या भांड्याकडं बघायला लागले.

ते शाळेचं भांडं होतं. पितळेची घागर आणि एक ग्लास. शाळेत सगळी मुलं त्यातून पाणी प्यायची. हे गावाला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. मूल शाळेत काय पितं ते शाळेतच राहायचं. पण आज घागर पटांगणात होती, मीठ मी घातलं होतं आणि ग्लास माझ्या हातात होता.

जमादारचाचा आधी उठले. ग्लास रिकामा करून "तौबा!" म्हणाले आणि डोळे विस्फारून चारी बाजूंना दाखवले. डोळे लाल होते, पण ते नेहमीचेच. मग गिरणीवाला. एका दमात प्यायला, मिशा पुसल्या आणि मोठ्ठा ढेकर दिला. सोबती अगदी जवळ जाऊन बघून आले. काच नव्हती. त्यांची तोंडं उतरली. मग बाबा उठले, माझी आत्या उठली, आमच्या वस्तीतले एकेक करून पिऊन गेले.

पुढं वरच्या आळीची रांग होती. ती हलेना. पण मागं उभे राहिलेले त्यांचे डोळे बघत होते. जो थांबला त्याच्यावर नजर रोखली जायची. एकानं घाईघाईनं नाक दाबून घेतलं. त्यानंतर दुसऱ्यानं. परग्रहावरचा ठरण्यापेक्षा बाटलेलं बरं, असा हिशोब प्रत्येकानं मनातल्या मनात केला असावा. माझ्या हातून ग्लास घेताना बोटं लागू नयेत म्हणून पहिल्या दोघांनी जपलं. तिसऱ्याला ते सुचलंच नाही, तो भ्यालेला होता.

असं करत ग्लास चेअरमन अण्णांसमोर आला.

"आज माजा उपास हाय," अण्णा म्हणाले.

"उपासाला पानी चालतंय," जमादारचाचा म्हणाले.

"मिठाचं चालत न्हाई."

"अण्णा, आयतवारचा उपास तुमी कवापासून धरलाव?" हे एका दारुड्या सोबत्यानं विचारलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट दिसायला लागलं होतं.

अण्णांनी मान वर केली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना नुकताच जाड भिंगांचा चष्मा लागला होता. त्यामागं त्यांचे डोळे बशीएवढे झाले होते आणि उन्हात चमकत होते. पुढच्या रांगेतली माणसं दोन पावलं मागं सरली.

"डोळं बगा," कुणीतरी हळूच म्हणालं.

अण्णा उठले, खुर्ची तशीच टाकली आणि घरी गेले. कुणी त्यांना अडवलं नाही. वाट मात्र नेहमीपेक्षा रुंद करून दिली.

त्या आठवड्यात त्यांचा उडीद काढणीला आला होता. बायांचा टोळा जायचा आमच्या वस्तीतून आणि खालच्या आळीतून. एकही बाई गेली नाही. मुकादम बोलवायला आला तर आत्या म्हणाली, "कामाचं न्हाई रं काही. त्यांचे डोळं बगवत न्हाईत." ती हसत म्हणाली, पण मागं उभ्या असलेल्या दोघी हसत नव्हत्या. उन्हं कडक होती. उडदाच्या शेंगा तडकायला लागल्या. टीव्हीसमोरही अण्णांच्या आजूबाजूची सतरंजी रिकामी राहायला लागली. दारुडे सोबती तर त्यांना बघून गल्ली बदलत होते.

मधल्या सुट्टीत एक दिवस अण्णा शाळेत आले. कंपाउंडाच्या भिंतीपलीकडं बाया जमल्या, त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. अण्णांनी घागरीकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "भरा, बाई."

मी ग्लास भरला. विचारलं, "मीठ घालू?"

त्यांनी भिंतीपलीकडच्या बायांकडं बघितलं. "घाला."

मी घातलं. ते प्यायले, अगदी तळाचं मीठसुद्धा. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"डोळं तसंच दिसायलेत की," एक बाई म्हणाली.

"त्यांचं पयल्यापासूनच तसं हाय," आत्या म्हणाली. "चला, उडीद फुटायलाय."

अण्णांच्या शेतात बायांना पाणी वरून, ओंजळीत ओतायची रीत होती. त्या दिवशी दुपारी मुकादम तांब्या घेऊन आला तेव्हा आत्यानं ओंजळ धरलीच नाही. बांधावर अण्णांच्या घरच्यांसाठी ठेवलेला ग्लास स्वतः उचलला, तिथल्याच घागरीत बुडवला, प्यायली आणि शेजारणीला दिला. मुकादमानं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी उडदाकडं बघितलं. अर्धं रान अजून उभं होतं. त्या दिवसापासून तिथं ओंजळीत पाणी पडलं नाही. अण्णांनी घरच्यांसाठी दुसरी घागर आणली आणि ती सावलीत, झाडापलीकडं ठेवली, एवढाच फरक.

किल्ली मात्र त्यांनी सोडली नाही. गिरणीवाला दर बैठकीत विचारत राहिला आणि ते दर बैठकीत विषय बदलत राहिले. तो पुन्हा प्यायला नाही. सोबत्यांनी वर्षभर वाट बघितली आणि मग दुसरा माणूस शोधला. गिरणीवाल्याची बायको हापशावर भेटली की मी विचारायची, "बरं हाय का?" ती म्हणायची, "बरं हाय. कोन हाय ते माहीत न्हाई, पर बरं हाय."

काही वर्षांनी एप्रिलातल्या जयंतीला आमच्या वस्तीनं अण्णांना पाहुणे म्हणून बोलावलं. तोवर ते मंडल पंचायतीचे प्रधान झाले होते. हार घालून माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "समतेचं काम मी बोलून न्हाई, करून दाखवलंय. ह्याच गावात, शाळेच्या पटांगणात, एकाच भांड्यातून पानी पाजायचा इचार पयल्यांदा मी मांडला. आन स्वता शाळेत जाऊन त्याच ग्लासातून पेलो. साक्षीला बाई हायत."

सगळी वस्ती माझ्याकडं बघायला लागली. त्यांनी सांगितलेला एकही शब्द खोटा नव्हता. मी मान हलवली. टाळ्या वाजल्या.

घरी परतताना मला हसू आवरत नव्हतं आणि रागही येत होता. मी बाबांना म्हटलं, "कसं काय बोलले ते असं? तुम्ही टाळ्या कामून वाजवल्या?"

बाबा चालता चालता म्हणाले, "पानी पेलं का न्हाई? पेलं. कामून पेलं ते त्यांचं त्यांना ठावं. तुजी आत्या आता तिथं हातानं ग्लास उचलती. मला तेवढ्याशी काम हाय."