मागच्या बोळातून येणाऱ्या अक्का

"तोंडात दोरा आहे, नंतर सांगते."

दुकानात कुणाची निंदा सुरू झाली आणि कुणी अक्कांचं मत विचारलं, की हे ठरलेलं उत्तर यायचं. दोऱ्याचं टोक ओठांत धरायचं, सुई डोळ्यांसमोर न्यायची आणि गप्प राहायचं. ते 'नंतर' कधी आलं नाही. एकदा मी नीट पाहिलं, तर सुईत दोरा आधीच ओवलेला होता.

लष्कर मोहल्ल्यात माझं बायकांचे कपडे शिवायचं दुकान आहे. आम्ही शिंपी, विठ्ठलाचे, आणि इतक्या पिढ्यांचे म्हैसूरकर की आमची मराठी निम्मी कन्नड झाली आहे. अक्का मात्र जालन्याकडच्या. ख्रिस्ती. लग्न होऊन इथं आल्या, नवरा अंथरुणाला खिळला, त्याचं सगळं वर्षानुवर्षं एकटीनं केलं, आणि तो गेल्यावर आमच्याच गल्लीत एक खोली घेऊन साड्यांना फॉल लावायचं आणि ब्लाउजला हुक लावायचं काम करू लागल्या. गल्लीतल्या प्रत्येक दुकानातून त्यांच्याकडे पिशव्या जायच्या. आमची मराठी ऐकून त्यांना हसू यायचं. दर रविवारी चर्चला जाताना त्या नेसायच्या ती साडी इस्त्रीची, पण फॉल उसवलेला. दुसऱ्यांच्या साड्यांतून वेळ मिळत नाही म्हणायच्या.

म्हैसुरातला दसरा म्हणजे तुम्हाला हत्ती आणि दिवे आठवतील. आम्हा शिंप्यांचा दसरा म्हणजे आयुधपूजा. मशिनं धुवायची, शेवंतीच्या माळा घालायच्या, कात्र्या देवीपुढे मांडायच्या, आणि शेवटी कुंकू भरलेला कोहळा दारात फोडायचा. आदल्या दिवशी माझ्या दुकानातल्या मशिनांना तेल अक्काच घालायच्या. आरती सुरू झाली की बाहेर पायरीवर जाऊन उभ्या राहायच्या आणि संपली की आत यायच्या. "देवीपुढचे नकोत, पुड्यातले द्या," म्हणून चुरमुरे मागून घ्यायच्या. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं.

मग समोरचा जेंट्स टेलर, खाली दुकान आणि वर घर असलेला, आमच्या गल्लीतल्या शिंप्यांच्या संघाचा अध्यक्ष झाला. माणूस कामाला चांगला, पण हार गळ्यात पडला की काही माणसांची मानच वाकडी होते, त्यातला. त्यानं ठरवलं, की दुकानोदुकानची पूजा बंद, कोहळा तेवढा ज्यानं त्यानं आपल्या दारात फोडायचा, गल्लीच्या तोंडाशी मांडव घालायचा, सगळ्यांनी तिथं आपापली कात्री ठेवायची आणि टिळा लावून घ्यायचा. अक्कांनी कात्री आणून दिली. टिळ्याला नको म्हणाल्या.

"नोडी, बघा अक्का," तो म्हणाला, "सुम्मने, नावापुरता एक टिळा. तुमचं काय जातंय? सगळे एका रीतीनं वागले तरच गल्ली राहते."

"माझं काही जात नाही हो. पण मनात नसताना लावून घेतला, तर तुमच्या देवीशीच खोटं बोलल्यासारखं होईल."

यात अपमान कुठं होता, हे मला आजही कुणी समजावून सांगावं. पण संध्याकाळी संघाच्या व्हॉट्सअॅपवर निरोप आला, की जे आपल्या रीतीत नाहीत त्यांना आपल्या दुकानांतलं काम देऊ नये. खाली एकामागून एक हात जोडल्याची चित्रं. ज्यांच्या मुलींच्या लग्नातल्या साड्या अक्कांनी डोळे फोडून पुऱ्या केल्या, त्यांचे हात आधी जोडले गेले होते. मला अध्यक्षाचा राग आला. त्या जोडलेल्या हातांची मात्र किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षाची आई सकाळी देवळात निघाली. पोरानंच फोडलेला कोहळा दारात तसाच पडला होता. गल्लीतला सगळ्यात मोठा कोहळा आपल्या दारात फुटला पाहिजे, हा त्याचा हट्ट, आणि झाडून काढायला मात्र कुणी नाही. म्हातारीचा पाय त्या गरावर पडला आणि ती जी आदळली ती खुब्याचं हाड मोडूनच. गल्लीत काय बोललं गेलं ऐका. टिळा नाकारला म्हणून देवी कोपली. कोहळ्याचं नाव कुणी काढलं नाही.

म्हातारी उठली नाहीच. सेवेला ठेवलेल्या बायका टिकेनात, कारण तिची जीभ शाबूत होती. दिवाळीनंतर एका दुपारी अध्यक्षाची सून माझ्या दुकानात आली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, की अक्का येतील का, त्यांना अंथरुणातल्या माणसाचं करायची सवय आहे. फक्त पुढच्या दारानं नको. मागच्या बोळातून यावं, मामंजींना संघात तोंड दाखवावं लागतं.

मी तिला हाकललंच असतं. पण अक्का तिथंच बसल्या होत्या, आता फक्त माझ्याच दुकानातून मिळणाऱ्या साड्या घेऊन. त्यांनी हातातली साडी घडी घातली आणि विचारलं, "पाठीला जखमा झाल्यात का?"

तेव्हापासून रोज सकाळी अक्का त्या बोळातून जाऊ लागल्या. तुम्ही तो बोळ पाहिला नसेल. दोन्हीकडच्या घरांची मोऱ्यांची तोंडं त्यात उघडतात. पदर नाकाला लावून जायच्या, म्हातारीला पुसून काढायच्या, कूस बदलायच्या, जखमांना औषध लावायच्या. आणि म्हातारी? अक्का जिना उतरायच्या आत नातसुनेकडून खोलीभर गोमूत्र शिंपडून घ्यायची. मला ते कळलं तेव्हा मी हातातली कात्री टेबलावर आपटली. अक्का म्हणाल्या, "मी इतकी कोरडी पुसलेली फरशी पुन्हा ओली करतात, त्याचं वाईट वाटतं बघा."

"अक्का, मला हसवू नका. तुम्हाला राग येत नाही?"

मला वाटलं, आता पुन्हा दोरा येणार तोंडात. पण हातात सुई नव्हती.

"येतो. त्याच्या उंबऱ्यात पाय ठेवताना परत फिरावंसं वाटतं. म्हातारीच्या घाणीनं नाही, त्याच्या चपला दिसल्या म्हणून. पण ताई, प्रभूनं शत्रूवर प्रेम करा म्हटलंय. आवडून घ्या असं नाही म्हटलं."

मी देवळात जाते, एकादशी करते, कीर्तनात डोळे पुसते. इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी पटलं म्हणाल, तर नाही. मला तेव्हा वाटलं, आणि आजही कधीकधी वाटतं, की असल्या चांगुलपणावरच ही गल्ली पोसली जाते.

गल्लीला अर्थात सगळं ठाऊक होतं. मागच्या बोळात कुणाची खिडकी नाही असं थोडंच आहे. बायका म्हणाल्या, ही म्हातारीला बाटवणार. पुरुष म्हणाले, काम परत मिळवायची युक्ती. एक बाई चूक नसताना सोसते आणि तरीही सेवा करते, याला आमच्या गल्लीत तिसरं नावच नव्हतं. अध्यक्ष तर अक्का घरात असताना बाहेर पडायचा, म्हणजे आपण काही पाहिलं नाही असं म्हणायला मोकळा.

म्हातारीचं मात्र हळूहळू बदललं. शिंपडणं तिनं स्वतःच बंद केलं. मग अक्का आल्याशिवाय कांजी घेईना. सून सांगायची, शेवटच्या आठवड्यात तिनं अक्कांचं मनगट धरलं की सोडायला लावावं लागायचं.

ती गेली तेव्हा अक्का जवळ होत्या. पण नातेवाईक जमले आणि आंघोळ घालायची वेळ आली, तशी कुणीतरी सांगितलं, आता घरच्यांनीच हात लावायचा. इतके महिने जिला रोज धुतलं पुसलं, तिच्या शेवटच्या आंघोळीला अक्का त्या घाणेरड्या बोळात उभ्या होत्या. मीही त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

देवळात शोकसभा झाली. अध्यक्षानं डोळ्यांना रुमाल लावून सांगितलं, की आईची सेवा आम्ही घरच्यांनी केली, परक्याचा हात लागू दिला नाही. मी उठून म्हणाले, हे खोटं आहे. चारी बाजूंनी मला बसवण्यात आलं. आजचा दिवस तरी सोडा, म्हणाले सगळे. खोटं बोलायला तो दिवस चालला होता.

अक्कांचं काम काही परत सुरू झालं नाही. खोलीचा मालक संघातलाच, त्यानंही खोली रिकामी करायला सांगितली. एवढे दिवस अक्कांना कुठंतरी आशा होती, असं मला वाटतं. त्यांना या गल्लीत म्हातारं व्हायचं होतं, नवऱ्याच्या कबरीजवळ. शेवटी जालन्याहून भाचीचा फोन आला आणि त्यांनी सामान बांधलं.

निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती आणि अक्का म्हणाल्या, अध्यक्षांकडे जाऊन येते. मी हात धरला. ऐकेनात. तेव्हा मीही गेले. भर दुपारी, पुढच्या दारानं. अध्यक्ष एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होता.

"मी चालले," अक्का म्हणाल्या. "जाण्याआधी एक सांगायचं होतं. मी तुम्हाला माफ केलंय. मनात काही ठेवून जात नाही."

त्यानं टेप गळ्यात टाकली. "माफ? मला?" त्यानं गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "मी काय केलं तुमचं, अक्का?"

नाटक करत असता तर मी ओळखलं असतं. तो नाटक करत नव्हता. त्याला खरोखर काही आठवत नव्हतं. गिऱ्हाईक हसलं, मशिनवरची माणसं हसली, आणि तो पुन्हा माप घ्यायला वळला.

अक्कांनी त्याच्या पाठीला नमस्कार केला आणि रिक्षात येऊन बसल्या. मी शेजारी बसले. बसस्टँड येईपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, मांडीवरच्या मुठी वळलेल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी मुठी सोडल्या आणि नाक पुसलं.

"इतक्या मुश्किलीनं झालं होतं, ताई," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा पहिल्यापासून करावं लागणार."